‘तू फक्त बरोबर ये’ म्हणणाऱ्या नवऱ्याबरोबर बोटीवर जावं का?

प्रश्न : मी साठ वर्षांची, नाशिकला गंगापूर रोडला राहते. यजमान सातपूरच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा बर्मिंगहॅमला असतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा ह्यांनी तिथल्या कालव्यांतल्या लांबट, अरुंद बोटी पाहिल्या आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही. मखमलाबादचा छोटा प्लॉट विकून तिथे बोट घ्यायची आणि दर उन्हाळ्यात पाच-सहा महिने दोघांनी फिरायचं, असा बेत आहे. रोज पंचवीस मैल, असं वेळापत्रकही वहीत काढलंय. मला पोहता येत नाही. गुडघे दुखतात. एका उंच पुलावरून बोट जाते त्याचा व्हिडिओ दाखवला, त्याला एका बाजूनं कठडाच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. काही बोलले की म्हणतात, ‘अगं, तुला काही करायचं नाही, मी आहे ना. तू फक्त बरोबर ये.’ त्यांचं मन मोडवत नाही आणि हो म्हणायला जीभ रेटत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोहणं, गुडघे आणि पूल, तिन्हींवर उपाय आहेत, ते सांगते. पण मी अडले ते ‘तू फक्त बरोबर ये’पाशी. हेच ऐकून मीही एकदा अशा बोटीवर चढले होते.

आम्ही दोघांनी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर युनियन कालव्यावर दोन आठवड्यांसाठी नॅरोबोट भाड्यानं घेतली होती. नॅरोबोट म्हणजे जेमतेम सात फूट रुंद आणि पन्नास-साठ फूट लांब लोखंडी बोट; आत स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची जागा, सगळं रेल्वेच्या डब्यासारखं एकापुढे एक. टिलर, म्हणजे मागचा सुकाणूचा दांडा, पहिल्या दिवसापासून ह्यांच्या हातात. मी किनाऱ्यावर उतरून लॉक उघडायचे. ना त्यांनी मला टिलर दिला, ना मी मागितला. चार दिवस छान गेले.

पाचव्या दिवशी ऑडलेम गाव आलं. तिथे पाठोपाठ पंधरा लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला, बोट मावेल एवढा हौद. उतारावर बोट खाली न्यायची तर भरलेल्या हौदात ती घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे आणि पुढच्या झडपा उघडून पाणी सोडायचं. पाणी उतरतं तशी बोट उतरते. त्या झडपांना पॅडल म्हणतात आणि त्या विंडलास नावाच्या लोखंडी हँडलनं फिरवायच्या. मागच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो. बोट त्या उंबऱ्याच्या पुढेच राहिली पाहिजे. कुठवर ते दाखवायला भिंतीवर पांढरी रेघ असते. आमची बोट हळूच मागे सरकली. पाणी उतरत गेलं, मागचा भाग उंबऱ्यावर टेकला आणि पुढचा भाग खाली जायला लागला. हे ओरडत होते, ‘बंद कर, बंद कर.’ पॅडलमधून सुटणाऱ्या पाण्याचा आवाज एवढा, की मला वाटलं घाई करायला सांगताहेत. मी दुसरं पॅडलही उघडायला घेतलं.

खाली वाट बघत असलेल्या बोटीवरची एक बाई पळत आली, माझ्या हातातलं विंडलास घेतलं, पुढची पॅडलं बंद केली आणि मागची उघडून हौद पुन्हा भरला. बोट अलगद उचलली गेली. आत कपबश्या, डाळीचं भांडं, पुस्तकं, सगळं जमिनीवर. आणखी दोन-तीन मिनिटं उशीर झाला असता तर बोट बुडाली असती, कारण अशाच प्रकारानं तिथे बोटी बुडतात.

रात्री दोघंही फार बोललो नाही. पण मला एक कळून चुकलं होतं. मी टिलरपाशी कधी उभीच राहिले नव्हते. लॉकमध्ये बोटीचं मागचं टोक कुठे येतं, याचा मला पत्ता नव्हता. आणि ह्यांनी पॅडल कधी फिरवलं नव्हतं, त्यामुळे तिथे माणसाचा आवाज पोचत नाही हे त्यांच्या गावीही नव्हतं. दोघंही आपापलं काम नीट करत होतो, पण दुसऱ्याचं काम दोघांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही लॉक सोडून लॉक जागा बदलल्या. ओरडायचं बंद केलं. दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की ‘बंद’, एक हात वर केला की ‘उघड’, एवढ्या दोन खुणा ठरवल्या.

म्हणून माझं उत्तर असं : जा, जरूर जा. पण निम्मा वेळ टिलर तुमच्या हातात असेल आणि निम्म्या लॉकना तुमचे यजमान खाली उतरतील, हे इथूनच ठरवून जा. ते याला तयार नसतील तर जाऊ नका. त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनच ते ‘तुला काही करायचं नाही’ म्हणतात. पण दोघांच्या बोटीवर काही न करणारं माणूस कुणालाच परवडत नाही. उद्या त्यांना ताप आला, पाय मुरगळला, ते पाण्यात पडले, तर पंधरा-सोळा टनांची ती बोट थांबवणार कोण?

‘मला कुठे जमायला’ असं मनात आलं असेल तर एक सांगते. या कालव्यांवर माल चालायचा तेव्हा अख्खी कुटुंबं बोटीवर राहायची. संसार मागच्या टोकाच्या आठ-दहा फुटांच्या केबिनमध्ये, आणि सुकाणू धरायच्या बायका. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा कधी बोटीवर पायही न ठेवलेल्या मुलींना शिकवून तिघीतिघींच्या गटानं जोडबोटींवर पाठवलं गेलं. पन्नास टनांच्या आसपास माल घेऊन त्या लंडन-बर्मिंगहॅम खेपा करायच्या. त्यांच्या बिल्ल्यावर इनलँड वॉटरवेजची ‘आय डब्ल्यू’ ही अक्षरं होती, त्यावरून लोकांनी त्यांना ‘आयडल विमेन’, आळशी बायका, असं नाव पाडलं. कोळसा फावड्यानं उपसणाऱ्या मुलींना आळशी म्हणायचं! मला आजही त्याचा राग येतो.

टिलर धरणं अवघड नाही, उलटं आहे. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे वळतं. बोट मध्यावर फिरते, त्यामुळे तोंड वळलं की शेपूट दुसऱ्या बाजूला झुकतं. ब्रेक नसतो, उलटा गिअर टाकूनच थांबवायची, आणि उलट्या गिअरमध्ये सुकाणू जवळजवळ ऐकतच नाही. समोरून बोट आली की आपण उजवीकडे व्हायचं. आपल्या रस्त्यांच्या सवयीनं हात डावीकडे जातो, तो आवरायचा. पहिले दोन तास घाम फुटतो. तिसऱ्या तासाला बदकं दिसायला लागतात.

गुडघ्यांचं म्हणाल तर त्यासाठीही अदलाबदलच बरी. टिलरपाशी तासन्‌तास उभं राहावं लागतं, लॉकपाशी चढउतार आणि दरवाजे ढकलणं. दोन्ही एकट्यानं दिवसभर केलं तर कुणाचेही गुडघे बोलतील. दरवाजाचा लांब दांडा हातानं ढकलू नका. पाठ टेकवा आणि पायांनी रेटा. जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि प्रवास विम्याच्या अर्जात गुडघेदुखी लपवू नका.

आता पाणी. आपल्या नाशिककरांच्या मनात पाणी म्हणजे गंगेचा पूर. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलं, यावर आपण घाबरायचं की नाही ते ठरवतो. त्या कालव्यांचं पाणी तसं नाही. बहुतेक ठिकाणी ते चार फुटांच्या आसपास खोल आणि जवळजवळ उभं असतं. पडलात तर बहुधा उभं राहता येतं. खरी भीती दुसरीकडे असते. कुणी पडलं की टिलरवाल्यानं पहिल्याच क्षणी गिअर न्यूट्रलला टाकायचा, म्हणजे बोटीला ढकलणारा, पाण्याखालचा मागचा पंखा थांबतो. बोट भिंतीला लागत असेल तर हातापायानं अडवायला जाऊ नये, ती लागू द्यावी; रंग परत लावता येतो. दोर हाताला गुंडाळू नये, आणि लॉकमध्ये खाली उतरताना तो कुठेही गाठ मारून बांधू नये, नाहीतर पाणी उतरतं आणि बोट दोराला लटकते. ओढणी किंवा पदर बोटीवर नको. रबरी तळव्याचे बूट घाला. लाइफजॅकेट मागून घ्या आणि लॉकमध्ये व नदीच्या भागात घालाच, तिथे पाणी खोल असतं. पाण्याला हात लागला तर जेवणाआधी साबणानं धुवा. आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची भीती असते तो लेप्टो तिथेही होतो. पोहणं मात्र शिकाच. साठाव्या वर्षी सावरकर जलतरण तलावावर पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या तुम्ही एकट्या नसाल. अंगावर पाणी घ्यायची भीती गेली की अर्धी झोप परत येते.

प्लॉट विकू नका. हे मी ठामपणे सांगते. बोट घेतली की तिचा परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणीचं प्रमाणपत्र, दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा रंग, हे सगळं मागे लागतं. स्वतःचा धक्का नसेल तर एका ठिकाणी साधारण चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. हिवाळ्यात तुम्ही नाशिकला आणि बोट तिकडे. लक्ष कोण ठेवणार? मुलगा नोकरी सांभाळून? शिवाय तुमचा व्हिसा पाहुण्याचा. त्यावर एका वेळी सहा महिने राहता येतं, पण दरवर्षी पुन्हापुन्हा जाऊन तिथेच राहिल्यासारखं करणं त्या नियमांत बसत नाही. एवढा मोठा बेत त्यावर उभा करू नये. भाड्याची बोट आठवड्याच्या हिशोबानं मिळते, चालवायला परवाना लागत नाही, निघताना तासभर शिकवतात. दोघांच्या बोटीला आठवड्याला निदान हजार पौंड धरा, शाळांना सुट्ट्या लागल्या की बरेच जास्त. भाडं जास्त वाटेल, पण आवडलं नाही तर आठव्या दिवशी किल्ली परत करून मोकळं होता येतं.

यजमानांचं पंचवीस मैलांचं वेळापत्रक मी वाचलं आणि जीव कळवळला, कारण असंच एक आमच्याही घरी होतं. ते यंत्रातले माणूस आहेत, तेव्हा त्यांना हिशोबच दाखवा. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. उभ्या बोटींजवळून जाताना त्याहून हळू, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटून येतात. म्हणून तिथले लोक सोपं गणित करतात : मैल आणि लॉक यांची बेरीज करायची आणि तीननं भागायचं, तेवढे तास. फोर काउंटीज रिंग नावाचा एक गोल मार्ग आहे, ११० मैल आणि ९४ लॉक. म्हणजे २०४ भागिले ३, ६८ तास. रोज पाच तास चालवलं तर चौदा दिवस. त्यातच व्हीलॉक या गावापासून सुरू होणारा एक टप्पा आहे, सात मैलांत २६ लॉक. त्यालाच अकरा तास! बोटवाले त्याला हार्टब्रेक हिल म्हणतात. पाठोपाठ हेअरकॅसलचा बोगदा, सुमारे २.७ किलोमीटर, अंधारात पाऊण तास, आणि एका वेळी एकाच दिशेनं वाहतूक. हा टप्पा ज्यावर आहे तो ट्रेंट अँड मर्सी कालवा १७६६ मध्ये खणायला घेतला आणि १७७७ मध्ये पुरा झाला. त्याच्या मागे लागलेल्यांत जोसाया वेजवूड हा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार होता, कारण खडबडीत रस्त्यांवर त्याचा माल फुटायचा. कपबशी न फुटता पोचावी म्हणून काढलेल्या वाटेवर रोज पंचवीस मैल पळवायचे कशाला, हे यजमानांना जरूर विचारा.

पाच तासांपेक्षा जास्त कधीच चालवू नका. उरलेल्या वेळात कामं असतात, आणि ती या प्रवासाचा गाभा आहेत. दर दोन-तीन दिवसांनी नळ शोधून टाकी भरायची. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, ठरलेल्या जागी रिकामी करायची. याचीही पाळी लावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पंख्यात प्लास्टिक अडकलं तर इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात घालून, मागचं झाकण उघडून ते काढायचं आणि झाकण परत घट्ट बसवायचं. ते नीट बसलं नाही तर इंजिन सुरू होताच बोटीत पाणी भरतं. यजमान म्हणतील ‘हे माझं काम’. हो, पण तुम्हीही एकदा करून पाहा.

पहिल्या वर्षी फक्त एक आठवडा, लँगॉलेन कालव्यावर. श्रॉपशायरमधल्या एल्समियरच्या आसपासून निघून वेल्समधल्या लँगॉलेनला जायचं आणि त्याच वाटेनं परत. या वाटेत न्यू मार्टनचे दोनच लॉक लागतात, म्हणजे जाऊन-येऊन चार. तुमच्या गुडघ्यांना याहून सोपी वाट मला माहीत नाही. हा कालवा आपल्या गंगापूरच्या कालव्यासारखं पाणीही वाहून नेतो, म्हणून त्याला थोडी ओढ आहे. जाताना बोट जड वाटते, येताना हलकी. जायचं मे-जूनमध्ये : उजेड रात्री नऊ-साडेनऊपर्यंत आणि सुट्ट्यांची गर्दी अजून व्हायची असते. आठवड्याआधी एक-दोन दिवस ठेवून तिथला हेल्म्समनचा, म्हणजे बोट चालवायचा, छोटा कोर्स करा, दोघांनीही. हा आठवडा जमला तर पुढच्या वर्षी ती रिंग, तेही दोन नाही, तीन आठवड्यांत.

तोवर नाशिकला एक काम करा. गच्चीवर खडूनं सात फूट रुंद आणि पन्नास फूट लांब चौकोन आखा. पन्नास फूट मिळाले नाहीत तर घरातल्या एका खोलीत भागवा. चार दिवस दोघांनी त्यातच राहायचं : स्वयंपाक, झोप, चहा, रुसवेफुगवे. पलंगाची रुंदी चार फूट धरा, तिथे तेवढीच मिळते. टीव्ही नको. एकमेकांना ओलांडून जाताना दर वेळी कोण अंग चोरतं, ते बघा. आम्ही हे केलं नव्हतं, करायला हवं होतं. कुकर मात्र न्या. बोटीवर गॅसची शेगडी असते, आणि पावसात ओले होऊन आल्यावर मुगाच्या खिचडीसारखं सुख नाही. शिजवताना खिडकी थोडी उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे पहिल्याच संध्याकाळी बटण दाबून तपासा.

राहिला तो पूल. व्हिडिओत पाहिलात तो बहुधा पाँटकसल्टीचा, याच वाटेवरचा. थॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांनी बांधलेला, १८०५ मध्ये खुला झालेला. लांबी सुमारे ३०७ मीटर, डी नदीपासून उंची ३८ मीटर. दगडी खांबांवर ठेवलेलं लोखंडी पन्हाळं आणि त्यात पाणी. एका अंगाला कठडा खरंच नाही. पन्हाळ्याची कड पाण्याच्या जराशीच वर येते. पण ते बोटीहून फार रुंद नाही, त्यामुळे बोट त्यातून बाहेर जाऊ शकत नाही. दोनशेहून अधिक वर्षं तिथून बोटी चालल्यात. दुसऱ्या अंगाला पायवाट आहे आणि तिला भक्कम कठडा.

वाट एकच असल्यामुळे तो पूल तुम्हाला दोनदा लागेल. जाताना तुम्ही पायवाटेनं चला, हात कठड्यावर, नजर समोर. यजमान बोट तुमच्या चालीनं, शेजारून आणतील. त्यांना सांगा की या वेळी त्यांनी फक्त बरोबर यायचं. मग लँगॉलेनला दोन रात्री थांबा. तोवर तुमच्या हाताला टिलरची सवय झाली असेल. येताना अलीकडेच बोट बांधून चहा घ्या आणि वाटलं, तरच, पुलाच्या तोंडाशी त्यांच्याकडून टिलर मागून घ्या.